सील बदललं तरी पुढचा शॉकअप पुन्हा का गळतो?

"भाऊ, सील तं नवीनच टाकलं होतं, काहून गळते पुन्हा?"

नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ थांबलं की हा प्रश्न कानावर येतोच. सील बदलून पंधरा दिवस होतात न होतात तोच पाइपावर पुन्हा तेलाची काळी कड दिसते. मग दुसरं सील, तिसरं सील, आणि शेवटी सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण फोर्क असेंब्ली, म्हणजे मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचा अख्खा संच, बदलायचा सल्ला मिळतो. बहुतेक गाड्यांत खराबी पाइपावर असते, नाहीतर भरलेल्या तेलाच्या मापात. सील फक्त ती खराबी बाहेर दाखवतं. म्हणून सीलला हात घालण्याआधी पुढचा क्रम पाळा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी नावं ठरवून घेऊ. वरची चकचकीत क्रोमची नळी म्हणजे पाइप. ती ज्या ॲल्युमिनियमच्या नळीत खालीवर सरकते ती बॉटम. बॉटमच्या तोंडाशी वर डस्ट सील, त्याखाली तारेची लॉक रिंग आणि तिच्याखाली ऑइल सील असतं. दोन्ही पाइप धरून ठेवणारे वरचे-खालचे ब्रॅकेट म्हणजे टी. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो कोनसेट.

लक्षणं

पाइपावर तेलाची गोल कड उमटते आणि तिच्यावर धूळ बसून चिखल होतो. वाढत गेलं की बॉटमवरून ओघळ येतो. नव्या गाडीच्या पाइपावर तेलाचा अगदी पातळ, बोटाला जेमतेम लागणारा थर असतो. तो सील ओलं ठेवण्यापुरता असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. थेंब धरला किंवा ओघळ आला तर मात्र ती गळती आहे.

खड्ड्यात गाडी धाडकन खाली बसते आणि हँडलला हादरा बसतो. पुढचा ब्रेक दाबला की नाक एकदम खाली जातं. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर पुढची बाजू दोन-तीनदा डुलत राहते. ही तिन्ही तेल कमी झाल्याची किंवा ते निकामी झाल्याची लक्षणं.

ब्रेक मारताना 'ठक्क' असा एकच आवाज येतो. याची कारणं चार-पाच असू शकतात, आणि सगळ्यात जास्त चुकीचं निदान याच लक्षणाचं होतं.

हँडल सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढते, किंवा गाडी सरळ चालताना हँडल तिरकं दिसतं. गाडी पडली असेल किंवा डिव्हायडरला लागली असेल तर हे हमखास दिसतं.

शॉकअप दगडासारखा कडक लागतो आणि बारीक खड्डेही मनगटात जाणवतात.

एक गोष्ट लगेच पाहा. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा कॅलिपरवर (डिस्कला पॅडनं आवळणारा भाग) उतरलेलं दिसलं तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. तेल प्यालेल्या पॅडनं ब्रेक लागत नाही. पॅड घासून किंवा जाळून परत वापरायचा जुगाड करू नका, जोडी नवीनच टाका. डिस्क ब्रेक क्लीनरनं आणि स्वच्छ कपड्यानं पुसा. ज्या गाड्यांचे शॉकअप उलटे असतात, म्हणजे चकचकीत पाइप खाली आणि जाड नळी वर, त्यांच्यात सील कॅलिपरच्या वरच असतं. तिथे थोडी गळतीही सरळ ब्रेकवर येते.

१. हवा

पहिली तपासणी टायरची. पंपावर हवा भरणारा पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत सारखीच ३५-४० पीएसआय भरून देतो आणि मग 'शॉकअप कडक झाला' अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजात येते. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरमधला आकडा जास्त दिसतो, तो पाहून हवा सोडली तर सकाळी टायर बसलेला सापडेल.

२. तेल कुठून येतंय

दोन्ही पाइप आणि बॉटम कोरड्या कपड्यानं पूर्ण पुसा. पुढचा ब्रेक धरून हँडलवर वजन टाका आणि शॉकअप दहा वेळा पूर्ण दाबा-सोडा. मग पांढरा टिश्यू पेपर तीन ठिकाणी लावून पाहा: पाइपावर सीलच्या वर, बॉटमच्या बाहेरून सीलच्या तोंडाशी, आणि अगदी खाली ॲक्सलजवळच्या ॲलन बोल्टपाशी.

वर डाग आला तर सीलच्या ओठातून, म्हणजे पाइपाला टेकणाऱ्या आतल्या कडेतून, गळतंय. पाइप कोरडा आणि बॉटमचं तोंड ओलं असेल तर तेल सीलच्या बाहेरच्या कडेनं येतंय, म्हणजे सीलची बैठक ओरखडली आहे किंवा सील तिरकं बसलं आहे. खाली डाग असेल तर सीलचा काही दोष नाही, ॲलन बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. या तिसऱ्या प्रकारात विनाकारण सीलं बदलली जातात, म्हणून टिश्यू लावायला आळस करू नका.

याच वेळी शॉकअप दाबून एकदम सोडा. तो वर येऊन थांबला पाहिजे. वर-खाली डुलत राहिला तर आत तेल कमी आहे. तेल बारीक भोकांतून जाताना स्प्रिंगची उसळी आवरतं. पातळी उतरली की तेलाबरोबर हवा ओढली जाते, फेस होतो आणि आवरणारं काही उरत नाही.

३. नख फिरवा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच टाळली जाते.

पाइप पुसून स्वच्छ करा. अंगठ्याचं नख पाइपावर आडवं ठेवून सीलपासून वर हळूहळू सरकवा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. नख जिथे अडखळेल तिथे बोट ठेवून उजेडात पाहा. सुईच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसेल, भोवती क्रोमची बारीक कड उभी असेल. ती कड प्रत्येक खड्ड्यात सीलच्या ओठावरून ब्लेडसारखी फिरते. अशा पाइपावर कितीही भारी कंपनीचं सील टाका, महिनाभरात ओठ कापला जाणार.

असे ठिपके बहुधा पाइपाच्या समोरच्या अंगाला असतात. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा क्रोमला टोचतो आणि पावसाळ्यात तिथे गंज धरतो. वाडी, कळमना किंवा उमरेड रोडवर रोज ट्रकमागे गाडी चालवणाऱ्यांचे पाइप नीट पाहिले तर हे लक्षात येईल. कोराडी-खापरखेड्याकडे वीज केंद्रांच्या राखेच्या गाड्यांमागे चालणाऱ्यांचा त्रास वेगळा: राख इतकी बारीक असते की ती डस्ट सीलखाली शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पाइपावर रबरी गेटर असतील तर ते वर करूनच पाहा. बाहेरून पाइप झाकलेला आणि सुरक्षित वाटतो, पण आत पावसाळाभर ओल साचून गंज चढलेला असू शकतो.

ठिपका कुठे आहे यावर निर्णय अवलंबून असतो. शॉकअप पूर्ण दबल्यावरही सील जिथपर्यंत पोचत नाही, टीच्या लगत, तिथला गंज निरुपद्रवी आहे. सील जिथून फिरतं त्या पट्ट्यातला ठिपका घातक. किती पट्टा वापरात येतो ते कळायला पाइपाला सीलपाशी प्लॅस्टिकची झिप टाय सैलसर बांधा आणि दोन दिवस नेहमीच्या रस्त्यानं गाडी चालवा. टाय जिथे ढकलली जाऊन थांबेल तिथपर्यंत सील जातं.

एक-दोन बारीक ठिपके असतील तर १००० किंवा १२०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त उभी कड बसवा, आजूबाजूचं क्रोम घासू नका. खड्डा उरला तर तो थिनरनं पुसून अराल्डाइट भरा, २४ तास वाळू द्या आणि २००० नंबरनं पाइपाच्या पातळीला आणा. हे काम तात्पुरतं आहे, तरी नवीन सील वाया जाण्यापासून वाचतं. ठिपक्यांची रांगोळीच पडली असेल किंवा क्रोम पापडीसारखं सुटत असेल तर पाइप बदलावाच लागेल. जुन्या पाइपावर पुन्हा क्रोम चढवून घेणार असाल तर काम देतानाच 'हार्ड क्रोम आणि मापाला ग्राइंडिंग' असं स्पष्ट सांगा. सायलेन्सरला असतं तसं नुसतं चमकीचं क्रोम पाइपावर टिकत नाही, सोलून निघतं आणि सील पुन्हा फाटतं.

४. सीलखालची घाण काढा

नखाला काही लागलं नाही तर कचरा अडकलेला असू शकतो. पातळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळून डस्ट सील हलकेच वर सरकवा. आतली काळी माती कपड्यानं काढा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा आणि तिच्या एका टोकाला आकड्यासारखी खाच द्या. पट्टी पाइप आणि ऑइल सीलच्या मधून अलगद खाली सरकवा, पाइपाभोवती पूर्ण गोल फिरवा आणि आकड्यानं कचरा वर ओढा. दोन-तीनदा करा, दर वेळी पट्टी पुसा. एखादा वाळूचा कण ओठाखाली अडकलेला असेल तर गळती इथेच थांबते. पुसून १०० किलोमीटर चालवा, पुन्हा टिश्यू लावा. तरीही डाग आला तर ओठ कापला गेला आहे, पट्टीनं आता काही होणार नाही.

वॉशिंग सेंटरवर दोन गोष्टींना ठामपणे नाही म्हणा. प्रेशरचा फवारा डस्ट सीलवर रोखायचा नाही, त्यानं माती आत ढकलली जाते. आणि धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल मारायचं नाही, कारण त्या ओशटपणावर तासाभरात धूळ चिकटते. पाइपाला ग्रीस लावणंही त्याच कारणासाठी वाईट. कोरडा कपडा पुरतो.

५. 'ठक्क' कुठला

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. दोन्ही बॉटम खालच्या टोकाला धरून पुढे-मागे हलवा. दुसऱ्यानं खालची टी आणि फ्रेमची मान यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. बोटाला हालचाल लागली तर कोनसेट सैल आहे. तिथे काही नाही, पण पाइप बॉटममध्ये शिरतो तिथे हालचाल लागली तर बुश (पाइप आणि बॉटम यांच्यामधली घासणारी कडी) किंवा बॉटम झिजलाय. चाक उजव्या-डाव्या अंगाला धरून हलवल्यावर खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग. हे सगळं घट्ट असेल तर कॅलिपर हातानं हलवून पाहा, पॅडची पिन किंवा क्लिप झिजली तरी ब्रेक मारताना तसाच आवाज येतो.

आता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध हलकासा खटका लागून हँडल तिथेच बसू पाहत असेल तर कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत. नागपुरात सिमेंटचा रस्ता आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यात ठिकठिकाणी पायरी असते. ती रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीत हे खड्डे लवकर पडतात. खटका असलेला कोनसेट आवळून सुधारत नाही. आवळला की आवाज जातो आणि कमी वेगात गाडी सापासारखी वळवळू लागते. पूर्ण संच बदलायचा, वाट्या आणि गोळ्या दोन्ही. वाट्या फ्रेममध्ये ठोकून बसवतात आणि तिरकी बसली तर मान खराब होते, म्हणून हे काम सरावाच्या मेकॅनिककडेच द्या.

६. पाइप एकमेकांना समांतर आहेत का

चाक काढून पंक्चर काढलं किंवा गाडी हळूच पडली की शॉकअपचे पाय (एका बाजूचा पाइप आणि बॉटम मिळून एक पाय) थोडे पिळले जातात. मग पाइप बॉटममध्ये तिरका घासतो, शॉकअप कडक लागतो आणि सील एकाच बाजूनं झिजतं. समोर दहा फुटांवर बसून दोन्ही पाइप एका रेषेत दिसतात का ते पाहा. पाइपांची वरची टोकं टीच्या वर सारखीच आली पाहिजेत, पट्टीनं मोजा.

चाकाचा ॲक्सल नट, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टीचे बोल्ट थोडे ढिले करा. चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा. गाडी स्टँडवरून उतरवून ब्रेक न धरता शॉकअप सात-आठदा दाबा म्हणजे पाय आपापल्या जागी बसतील. मग ॲक्सल, खालची टी आणि शेवटी मडगार्ड आवळा. दोन्ही टी एकाच वेळी पूर्ण ढिल्या करू नका. गाडीच्या वजनानं पाइप वर सरकतात आणि पुढची बाजू बसते.

अनेकदा ही अर्ध्या तासाची जुळवाजुळव केली की 'कडक शॉकअप' मऊ होतो.

७. तेल: किती, कोणतं

पुन्हा पुन्हा गळण्याचं दुसरं मोठं कारण जास्त भरलेलं तेल. शॉकअपमध्ये तेलाच्या वर मोकळी हवा ठेवलेली असते. शॉकअप दबला की ती हवा दबते. 'कडक करून देतो' म्हणून कुणी २०-३० मिली तेल जास्त ओतलं की हवेला जागा उरत नाही, खड्ड्यात दाब एकदम चढतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकललं जातं. नागपूरच्या उन्हात ४५ अंशांत उभ्या गाडीतली हवा आधीच तापून फुगलेली असते, रबरही वर्षागणिक टणक झालेलं असतं. जास्त तेलाची गाडी म्हणूनच मे महिन्यात पहिल्यांदा गळते.

दुसरी चूक म्हणजे इंजिनचं २०डब्ल्यू४० ओतणं. ते फोर्क ऑइलपेक्षा जाड असतं. भोकांतून वेळेत परत येत नाही, त्यामुळे लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि डिसेंबरच्या थंडीत लाकूड होतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच फोर्क ऑइल घ्या, बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू चालतं. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत एका पायात साधारण १५० ते २०० मिली बसतं. हा ढोबळ अंदाज झाला. भरताना आपल्या मॉडेलचा आकडाच धरा.

तेल बदलताना चाक उचललेलं हवं. वरच्या टीचा बोल्ट सैल करा आणि मग पाइपाचा टॉप बोल्ट उघडा. त्याखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून चेहरा बाजूला ठेवून, पान्यावर वरून जोर देत शेवटचे आटे हळू सोडा. दोन्ही पायांतलं जुनं तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढून मोजा. एकात १६० आणि दुसऱ्यात ९० मिली निघालं तर कुठला पाय गळतो ते कळलं. दोन्हींत २०० निघालं आणि मॅन्युअलमध्ये १७० असेल तर गळतीचं कारणही कळलं. तेल दुधी-राखाडी असेल तर पाणी गेलंय. चांदीसारखी चमक असेल तर बॉटम किंवा बुश घासला जातोय.

नवीन तेल मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजनं मोजून भरा. पाइप दहा वेळा सावकाश दाबा-सोडा, दहा मिनिटं थांबा म्हणजे बुडबुडे निघून जातील. मॅन्युअलमध्ये पातळी मिलिमीटरमध्ये दिली असेल तर स्प्रिंग बाहेर आणि पाइप पूर्ण खाली दाबलेला असतानाच, पाइपाच्या काठापासून पट्टीनं मोजा. दोन्ही पायांत पातळी सारखी हवी.

८. सील बदलणं

टॉर्क पाना, लॉक रिंगचा पक्कड आणि ॲलन सॉकेट असेल, शॉकअप साधा असेल, तरच घरी करा. एकच बाजू गळत असली तरी दोन्ही बाजूंची सीलं बदला.

सीलवर माप छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३७×५०×११: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. घाट रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं नाव सांगण्याबरोबर जुनं सीलही दाखवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाइपाचा व्यास बदललेला असतो. तांब्याचे दोन नवीन वॉशर त्याच वेळी घ्या.

चाक काढण्याआधी ॲक्सलवरचे स्पेसर कुठल्या बाजूला आहेत याचा फोटो काढा. कॅलिपर तारेनं टांगा, ब्रेकच्या होजवर (नळीवर) लोंबकळू देऊ नका, आणि पॅडच्या मध्ये लाकडाची चिप ठेवा म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. खालचा ॲलन बोल्ट टॉप बोल्ट उघडण्याआधी सैल करा. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतला रॉड बोल्टाबरोबर फिरत नाही. स्प्रिंग काढल्यावर हाच बोल्ट तासभर नुसता गरगरत राहतो.

जुनं सील काढताना बॉटमच्या काठावर चामड्याचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवूनच स्क्रूड्रायव्हर टेकवा. आतल्या बैठकीवर ओरखडा पडला तर नव्या सीलच्या बाहेरून तेल येईल.

काढलेलं सील फेकू नका, उजेडात धरून ओठ पाहा. एकाच ठिकाणी चीर असेल तर पाइपावर ठिपका आहे किंवा बसवताना ओठ कापला. पुढच्या-मागच्या बाजूनं जास्त झिजलं असेल तर बुशमध्ये खेळ आहे. ओठ सगळीकडून टणक, चिरा पडलेला असेल तर वय झालंय. ओठ बाहेर उलटला असेल तर तेल जास्त होतं. पुढचं सील किती टिकेल हे या तुकड्यावरून कळतं.

पाइप बाहेर आलाय तर तो सरळ आहे का तेही पाहा. जाड काचेवर ठेवून हळू लोळवा, खालून उजेड दिसला-गेला तर वाकलाय. पक्कं माप लेथवाल्याकडे डायल गेजवर मिळतं. अनेक मॅन्युअलमध्ये ०.२ मिमीची मर्यादा असते. प्रेसवर पाइप सरळ करून देणारे आहेत. पाइपाला घडी किंवा चेमटलेला भाग दिसत असेल तर सरळ करून घेऊ नका, तिथलं लोखंड थकलेलं असतं आणि जोराच्या ब्रेकला दगा देतं.

नवीन सील सरकवताना पाइपाचं वरचं टोक आणि तिथली खाच ओठ कापते. दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा तुकडा पाइपाच्या टोकावर ओढा, त्यावर फोर्क ऑइल चोळा आणि सील त्यावरून खाली सरकवा. छापील बाजू वर, स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेवर नेमका बसणारा पीव्हीसी पाइपाचा तुकडा वापरा. स्क्रूड्रायव्हरनं एकेका बाजूनं ठोकलेलं सील तिरकंच बसतं. बसत जाताना आवाज पोकळ येतो, तळाला टेकल्यावर टणक होतो. लॉक रिंगची खाच पूर्ण गोल दिसली पाहिजे. अर्धीच दिसली तर सील अजून वर आहे.

इथे थांबा

उलटे शॉकअप, स्प्रिंग कंप्रेसर लागणारे शॉकअप, फिरणारा किंवा झिजलेल्या तोंडाचा ॲलन बोल्ट, वाकलेला पाइप किंवा टी, घासलेला बॉटम, फ्रेमच्या मानेजवळ रंगाला गेलेली चीर: यातलं काहीही दिसलं तर पुढे हात लावू नका. अपघातानंतर गाडी ओढत असेल तर मानेचं आणि टीचं माप जिगवर (माप तपासायच्या पक्क्या साच्यावर) घ्यावं लागतं, डोळ्यांनी ते कळत नाही. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली गेली असेल तरही गाडी सर्व्हिस सेंटरलाच द्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय बोलायचं

जॉबकार्डवर उपाय लिहू देऊ नका, लक्षण लिहायला सांगा. 'फोर्क सील बदलणे' लिहिलं की मेकॅनिक सील बदलतो, पाइप पाहायला त्याला वेळ दिलेलाच नसतो. त्याऐवजी असं लिहून घ्या: 'डाव्या फोर्कमधून तेल. मागील सील अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर बदललं. दोन्ही पाइपांचा गंज व बेंड आणि कोनसेटचा खेळ तपासून कळवणे. जुने भाग परत देणे.' या शेवटच्या वाक्यामुळे सील खरंच बदललं का हेही कळतं.

काउंटरवरचा ॲडव्हायझर आणि गाडी उघडणारा मेकॅनिक वेगळे असतात. शक्य असेल तर गाडी उघडताना हजर राहा आणि मेकॅनिकशी नीट बोला. "भाऊ, पाइपावर नख फिरवून पाहता का एकदा? इथे अडकते." त्याला जागा बोटानं दाखवा. दिवसाला ठरलेल्या गाड्या संपवायच्या असतात, नेमकी जागा दाखवणारा ग्राहक त्याचं काम सोपं करतो. चुका काढायच्या सुरात विचारलं तर उत्तरही तसंच मिळतं. तीन प्रश्न मात्र विचाराच: कुठलं तेल, एका पायात किती मिली, आणि तांब्याचा वॉशर नवा टाकला का?

'असेंब्ली बदला' म्हणाले तर कुठला भाग किती खराब आहे ते विचारा. पाइप वाकला असेल तर किती, बॉटम घासला असेल तर कुठे. पाइप, बॉटम, बुश, सील हे बऱ्याच गाड्यांत सुटे मिळतात, पार्ट नंबरसह एस्टिमेट मागा. सील आणि तेलाचा खर्च शेकड्यांत असतो, असेंब्लीचा त्याच्या कितीतरी पट. पाइप आणि बॉटम दोन्ही गेले असतील तर मात्र असेंब्ली घेणंच शहाणपणाचं, मग तुकड्या-तुकड्यांत पैसे घालवू नका.

वॉरंटीत गाडी असेल तर पुस्तिकेतलं पान आधी वाचा. ऑइल सील आणि रबरी भाग बऱ्याचदा झिजणाऱ्या वस्तूंत टाकलेले असतात, वाकलेला पाइप अपघाताचं नुकसान धरला जातो. पण एकाच कामाचे पैसे घेऊन तेच काम महिन्यात दुसऱ्यांदा बिघडलं तर तो सेवेतला दोष आहे. दोन्ही जॉबकार्ड, बिलं आणि पाइपाचे तारखेसह फोटो जोडून आधी सर्व्हिस मॅनेजरला, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

गाडी ताब्यात घेताना आवारातच पुढचा ब्रेक सावकाश दोन-तीनदा लावून पाहा. चाक काढल्यानंतर पहिल्या दाबाला लिव्हर आत जाऊ शकतो. शॉकअप दाबून सोडा, हँडल पूर्ण फिरवा, होज किंवा वायर कुठे ताणली जात नाही ना ते बघा. मग दोन्ही पाइप पुसून ओडोमीटरसह फोटो काढा, आणि २०० किलोमीटर झाल्यावर त्याच दोन पाइपांना पुन्हा टिश्यू लावा.